ट्रॉली उलाळ झाली तेव्हा...

आईबाप ऊसतोडीला निघाले की सामानाबरोबर मोटारसायकलही ट्रॉलीत चढते. ती दोरीने बांधायची नाही, असं आम्ही दोघा मित्रांनी ठरवलं. मग काय झालं, त्याची ही गोष्ट.

दिवाळी झाली की आमच्या चाळीसगाव तालुक्यातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. गल्लीगल्लीत ट्रॅक्टर लागतात. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचे ड्रम, कोपीसाठी ताडपत्री आणि बांबू, कोयते, एखादी शेळी, सगळं ट्रॉलीत चढतं. त्यावर माणसं चढतात. आणि सगळ्यात शेवटी, कुठे जागा उरेल तिथे, मोटारसायकल.

आमच्या घरचंही हेच. आबा आणि माय दरवर्षी टोळीबरोबर जातात. कधी नगरकडे, कधी सांगलीकडे. टोळीतले काही जण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जातात. पाच-सहा महिने मुक्काम फडावर. मी एस. वाय. बी. एस्सी.ला, म्हणून मी आजोबांजवळ मागे राहतो.

आता कुणी म्हणेल, ऊस तोडायला जाताना मोटारसायकल कशाला? आम्हीपण आधी नेत नव्हतो. पण तीन वर्षांपूर्वी रात्री कोपीत धाकट्या बहिणीला विंचू चावला. ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात नंबरला लागलेला, दवाखाना लांब, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबा तिला खांद्यावर घेऊन चालत निघाले. वाटेत एक दूधवाला भेटला म्हणून वेळेत पोचले. त्या सीझनचा हिशेब झाल्यावर आबांनी पहिली गोष्ट कुठली घेतली असेल, तर जुनी, सेकंडहँड मोटारसायकल. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स, किराणा आणि मोबाइल चार्ज करायला गावात जायची सोय.

पण गाडी न्यायची कशी? पहिल्या वर्षी पोत्यांवर आडवी टाकली आणि सुताच्या दोरीने बांधली. रात्रीच्या प्रवासात दोरी ढिली पडली. एका खड्ड्यात गाडी घसरली ती थेट मायच्या पायावर. घोट्याला मुका मार, वर पेट्रोल सांडून बाजरीचं एक पोतं वाया गेलं. माय वीस दिवस उभी राहू शकली नाही. आणि ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण बसला की अर्धी तोड बुडाली. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र तेवढीच राहते.

मायने फोनवर हे हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

दोन टाके मारू, झालं काम!

माझा एक मित्र आयटीआयला वेल्डर ट्रेड करतोय. त्याला म्हटलं, ट्रॉलीला मोटारसायकलचं स्टँड बनवायचंय. तो म्हणाला, "त्यात काय, दोन टाके मारू, झालं काम!"

आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघितले. परदेशात लोक गाडीच्या मागे अख्खी खोली ओढत फिरतात. त्यात गादी, गॅस, बेसिन सगळं असतं, आणि त्या खोलीच्या मागच्या बंपरवर घरी बनवलेल्या कॅरिअरमध्ये मोटारसायकल उभी. मुक्कामाला पोचलं की खोली तिथेच सोडायची आणि मोटारसायकल काढून फिरायला जायचं. आपल्या राज्यातही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय. आम्ही म्हटलं, अरे, हे तर आपलंच चित्र! आपली माणसंही चाकावरचं घर घेऊनच निघतात, फक्त फिरायला नाही.

मग काय, भंगारातून १०० बाय ५० चं सी-चॅनेल घेतलं. या चॅनेलमध्ये साध्या मोटारसायकलचं टायर बरोब्बर बसतं. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला, फाळक्याच्या खाली, दोन चौकोनी पाइप बाहेर काढले आणि त्यावर चॅनेल आडवं जोडलं. गाडी त्यात उभी केली. दिसायला एक नंबर! आतली सगळी जागा मोकळी, फाळका उघडायची झंझट नाही. रंगपण मारला. स्टेटसला फोटोही टाकला.

शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर घेतला, ट्रॉलीत पोती-ड्रम भरले आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर ट्रायल घ्यायला निघालो. पहिल्या दोन किलोमीटरलाच काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागलं. ट्रॉली नाचत होती. खड्ड्यातून निघताना हुकात खडखड आवाज यायचा, जणू पिन आता उडते का मग. आणि शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर 'कट्ट' झालं. एका पाइपचं वेल्डिंग सुटलं. गाडी एका बाजूला लटकली. मागून कुणी दुचाकीवाला येत नव्हता, हे नशीब.

परत आलो तर आजोबा ओट्यावर बसलेले. त्यांनी ट्रॉलीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "आरे भो, गाडी उलाळ व्हई गयी! तू तं फिजिक्स शिकस ना?"

बैलाची मान आणि ट्रॅक्टरचा हूक

उलाळ हा शब्द आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढचा भाग वर उचलला जातो. जू बैलाच्या मानेवर टेकायचं सोडून वर ओढलं जातं आणि जोत्याने त्याचा गळा आवळतो. अशी गाडी म्हणजे उलाळ गाडी. आजोबांच्या भाषेत, "जू मानेवर थोडं दाबलं पाहिजे. जास्त दाबलं तर मान सोलटते, कमी दाबलं तर गळा आवळतो."

आजोबा चौथी शिकलेत. पण परदेशात कॅरॅव्हॅन ओढणारे नेमकं हेच पाळतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर पडला पाहिजे, असा अमेरिकेतला नेहमीचा ठोकताळा आहे. त्यापेक्षा कमी पडला तर ट्रेलर मागून शेपटीसारखा हलायला लागतो आणि वेगात तो ओढणाऱ्या गाडीलाच फिरवून टाकतो. खूप जास्त पडला तर पुढच्या गाडीचं नाक वर होतं. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली आपण सगळ्यांनी बघितलीच आहेत. चढावर ती आणखी उचलतात आणि मग स्टेअरिंगला काही अर्थ राहत नाही.

कॉलेजात सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "भास्कराचार्यांच्या तालुक्यात राहता आणि तरफ कळत नाही?" वर्ग हसला. पण सरांनी फळ्यावर गणित मांडलं. ते इथे देतो, कारण ते कुणालाही जमेल.

दोन चाकी ट्रॉली म्हणजे तराजू. मधला ॲक्सल हा टेकू. आमच्या ट्रॉलीत हूक ॲक्सलच्या ३ मीटर पुढे. आमची गाडी साधारण ११५ किलो, कॅरिअर ३० किलो, म्हणजे १४५ किलो. आणि हे वजन ॲक्सलच्या २.२ मीटर मागे लटकलेलं. १४५ गुणिले २.२ म्हणजे ३१९. त्याला ३ ने भागलं की सुमारे १०६. म्हणजे मागे १४५ किलो लटकवल्यामुळे पुढच्या हुकावरचा १०६ किलो भार आम्ही काढून घेतला होता!

आधी हुकावर होता किती? आडतीच्या दुकानातला मोठा वजनकाटा मागून आणला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉलीचा दांडा टेकवला. सामानासकट १,५०० किलोच्या ट्रॉलीचा भार भरला १५० किलो. म्हणजे बरोबर १० टक्के. मागे मोटारसायकल लावल्यावर तो उरला ४४ किलो. १,६४५ किलोच्या मानाने ३ टक्केसुद्धा नाही. ट्रॉली नाचणार नाही तर काय करणार?

आणि वेल्डिंग का सुटलं? एक तर उभ्या गाडीचं वजन ११५ किलो असलं तरी स्पीडब्रेकरवर आदळताना त्याचा झटका काही पटीने बसतो. ट्रॉलीला आपल्या मोटारसायकलसारखे शॉकॲब्सॉर्बर नसतात. दुसरं म्हणजे आम्ही रंग आणि गंज नीट न घासताच टाका मारला होता. वरून वेल्डिंग मस्त दिसत होतं, पण आत लोखंडात ते मुरलंच नव्हतं. माझा मित्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चूक त्याची एकट्याची नव्हती. घाई मी केली होती.

जुगाड भारी, पण...

आता एक वेगळी गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून त्यांनी छोटीशी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण त्याच वेळी स्पष्ट लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर येण्यापासून थांबवलं जाईल. म्हणून त्यांनी त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

आपण या गोष्टीतलं कौतुक लक्षात ठेवतो. नियमाचं वाक्य विसरतो. प्रत्येकाच्या जुगाडाला बोलेरो मिळत नाही, दंडाची पावती मात्र मिळू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाले. त्यानुसार वाहनात परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माल बॉडीच्या बाहेर, ठरलेल्या मर्यादेपलीकडे निघाला तर दंड २०,००० रुपये. उत्तरेत डिझेल इंजिन लावून चालवतात त्या 'जुगाड' गाड्यांबद्दलही सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं, की त्याही मोटार वाहनच आहेत, कायदा त्यांनाही लागू.

दंड बाजूला ठेवा. आमच्या पहिल्या कॅरिअरमुळे ट्रॉलीची नंबर प्लेट आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही झाकले गेले होते. रात्री अंधारात ऊस-ट्रॉलीला मागून धडकून किती जण जातात, हे आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो. त्यात आम्ही मागे दोन फूट लोखंड बाहेर काढून ठेवलं होतं. माय-आबांचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा जीव धोक्यात घालणार होतो. हे कळलं तेव्हा मी स्टेटसवरचा तो फोटो डिलीट केला.

दुसरा डाव

आधी वाटलं, मागे नाही तर पुढे लावू, ट्रॉलीच्या दांड्यावर. पण ट्रॅक्टर वळवला की मोठं मागचं चाक थेट त्या जागेत येतं. पहिल्याच वळणावर मोटारसायकलचा चुरा झाला असता.

मग राहिली एकच जागा, ट्रॉलीच्या आत, पुढच्या फाळक्याला लागून आडवी. ट्रॉली आतून साडेसहा फूट रुंद, गाडी दोन मीटर लांब. किंचित तिरकी ठेवली की बसते. तेच चॅनेल कापून छोटं केलं. पुढचं चाक अडकायला अँगलचा व्ही बनवला. या वेळी ग्राइंडरने लोखंड चकाकेपर्यंत घासलं, मग वेल्डिंग केलं, आणि मित्राने ते त्याच्या सरांना दाखवलं. ट्रॉलीच्या चासीला मात्र वेल्डिंगचा हात लावला नाही. तळाच्या आडव्या चॅनेलमधून १२ एमएमचे चार बोल्ट घेतले, मोठे वायसर आणि ढिले न पडणारे नायलॉक नट. सीझन संपला की चार बोल्ट खोलायचे, ट्रॉली जशीच्या तशी.

आता वजन ॲक्सलच्या दीड मीटर पुढे. जडपणा पुढे वाढला म्हणून पाण्याचे ड्रम आणि पोती सरकवून बरोबर ॲक्सलच्या वर आणली. पुन्हा वजनकाटा. हुकावर भरले १९० किलो, एकूण १,६४० पैकी. साडेअकरा टक्के. आजोबांनी दांड्यावर हात ठेवून बघितला आणि मान डोलावली. त्यांना काट्याची गरज नव्हती.

एकूण खर्च सुमारे २,२०० रुपये, त्यात रॅचेट पट्ट्यांचेच ९००. पहिल्या डावात वाया गेलेले ६०० वेगळे.

पण मग माणसं कुठे बसणार?

हा प्रश्न मायने विचारला. आम्ही दोघं 'इंजिनिअर' एकमेकांकडे बघत राहिलो. कारण पुढच्या फाळक्याजवळची ती जागा बायका-पोरांची होती. तिथे धक्के कमी बसतात, वाराही कमी लागतो.

खरं तर मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायचीच नसतात. सगळ्यांना माहीत असतं. पण सगळ्या कुटुंबाचं तिकीट काढून जायचं म्हटलं की पैसे दिसतात. मग मीच हिशेब मांडला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, लहान पोरांचंही अर्धंच. मायच्या पायाचे वीस दिवस किती रुपयांचे होते, ते आबांना विचारलं. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोळीतल्या दोघा-तिघांना बोलावून घेतलं.

या वर्षी आमच्या ट्रॉलीतल्या पाच बाया आणि पोरं चाळीसगाव स्टँडवरून एसटीने गेल्या. सगळं काही बदललं असं नाही. सामानाजवळ दोन गडी बसलेच, आणि मागच्या ट्रॉलीवर नेहमीसारखीच माणसं होती. त्यांना मी काय सांगणार? आमच्याकडेसुद्धा माय जखमी होईपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

पहाटे ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी पट्टे पुन्हा एकदा ओढून बघितले. आबा म्हणाले, "बस झालं आता, तुटतील." नांदगावच्या पुढे चहाला थांबल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. काही बोलले नाहीत, फक्त कॅमेरा मोटारसायकलकडे फिरवला. गाडी जागच्या जागी उभी होती.

गेल्या आठवड्यात मित्राला शेजारच्या गावातून फोन आला. तिथल्या एका टोळीला असंच स्टँड हवंय, पण मागे लावून पाहिजे, आत जागा नाही म्हणे. मित्राने नाही म्हणून सांगितलं. आधी ट्रॉली घेऊन या, आपण वजन करू, मग बघू, असं म्हणाला. दोन टाके मारू म्हणणारा तो हाच!

तुमच्याही घरून गाडी जात असेल तर...

* दोन चाकी ट्रॉलीत गाडी ॲक्सलच्या मागे लटकवू नका. आत आणि ॲक्सलच्या पुढे ठेवा. बाकीचं जड सामान ॲक्सलच्या वर.
* गाडी मेन स्टँडवर किंवा साइड स्टँडवर बांधू नका. चाकांवर उभी करा, गिअरमध्ये टाका.
* पट्टे चार. दोन पुढे, दोन मागे, चारही दिशांना तिरके. पुढचे पट्टे हँडलच्या रबरी मुठीला नाही, खाली फोर्कच्या जोडाजवळ. पुढचा शॉकॲब्सॉर्बर साधारण अर्धा दबेल इतकंच ताणा.
* सुताची किंवा नायलॉनची दोरी प्रवासात ढिली पडते. रॅचेट पट्टा घ्या आणि धार असेल तिथे खाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा.
* टाकीत पेट्रोल अगदी थोडं. कॉक असेल तर बंद. गॅस, स्टोव्ह आणि धान्य गाडीपासून लांब.
* निघाल्यावर पहिल्या पाच किलोमीटरला थांबून पट्टे बघा. नंतर दर २५-३० किलोमीटरला.
* चढवायला फळी आखूड असेल तर ट्रॉली शेताच्या बांधाला मागे लावा. उंची कमी होते. एकट्याने चढवू नका.
* मागचे लाइट, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट झाकली जाणार नाही हे बघा. बॉडीबाहेर काहीही काढायच्या आधी आरटीओत विचारा.
* आणि घरात कुणी जुना गाडीवान असेल, तर वेल्डिंग मशीन सुरू करायच्या आधी त्याला एकदा ट्रॉली दाखवा.